ग्रंथ सर्वांचे, शब्द कोणाचे?

चक्रपाणिदत्ताच्या चिकित्सासंग्रहाच्या, म्हणजेच आपण ज्याला 'चक्रदत्त' म्हणतो त्या ग्रंथाच्या अखेरीस एक श्लोक आहे. परीक्षेला तो कधी येत नसल्याने आपल्यापैकी अनेकांच्या नजरेतून निसटलेला असतो. अकराव्या शतकातील हा वंगदेशीय आचार्य तेथे वाचकाला चक्क शाप देतो. वृंदाच्या 'सिद्धयोगा'त नसलेले जे अधिक योग आपण या ग्रंथात घातले, ते जो कोणी उचलून सिद्धयोगात नेऊन बसवील, किंवा या ग्रंथातून काढून टाकील, त्याच्या मस्तकावर विद्वान ब्राह्मणाचा शाप पडो, असा त्याचा आशय आहे.

हा शाप बारकाईने पाहण्यासारखा आहे. चक्रपाणीने योगांच्या वापरावर बंदी घातलेली नाही. कोणीही ते बनवावेत, रुग्णास द्यावेत, शिष्यास शिकवावेत. त्याने स्वतः ग्रंथाची मांडणी वृंदाकडून घेतली आणि वृंदाने ती माधवाच्या रोगानुक्रमातून घेतली. उसनवारीला त्याचा आक्षेप असणे शक्यच नव्हते. त्याचा आक्षेप एकाच गोष्टीला आहे: वृंदाचे काय आणि आपले काय, ही सीमारेषा पुसण्याला. हस्तलिखितांच्या काळात ग्रंथकाराला लेखनिकाची भीती होती. आज प्रत्येकाच्या खिशात एक लेखनिक आहे, आणि तो क्षणात पाचशे जणांसाठी प्रत काढतो.

वैद्यबंधूंच्या फोनवरील समूहांत रोज काय फिरते ते आपण पाहतोच. पाठ्यपुस्तकांच्या संपूर्ण पीडीएफ, हयात लेखकांच्या अनुभविक योगांच्या वह्या, कोणाच्या तरी व्याख्यानाची मधूनच कापलेली ध्वनिफीत, कोठल्याशा चिकित्सालयाचा आहारतक्ता आणि त्यावर दुसऱ्याच चिकित्सालयाचे बोधचिन्ह. याविषयी दोन टोकाची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, आयुर्वेद ऋषींचा आहे, त्यात कॉपीराइट कसला? दुसरा पक्ष कायद्याच्या धास्तीने संहितेतील दोन ओळी छापायलाही कचरतो. दोन्ही पक्षांना आपल्या शास्त्राचा इतिहास आणि आपल्याच प्रांतातील न्यायनिर्णय यांची थोडी ओळख असती, तर बरेच बरे झाले असते.

प्रथम शास्त्राकडे पाहू. आज तरुण मंडळी ज्याला 'रिमिक्स' म्हणतात, त्याला आपल्याकडे प्रतिसंस्कार असा भारदस्त शब्द आहे. अग्निवेशाचे तंत्र चरकाने प्रतिसंस्कृत केले आणि त्याचा लुप्त झालेला भाग दृढबलाने पूर्ण केला. अतिविस्तृत ते आवरावे, अतिसंक्षिप्त ते विस्तारावे आणि जुने तंत्र पुन्हा नवे करावे, ही प्रतिसंस्कर्त्याची व्याख्या दृढबलानेच सांगितली आहे. अनेक तंत्रांतून वेचून आपण चिकित्सास्थानातील सतरा अध्याय आणि कल्प व सिद्धी ही दोन्ही स्थाने भरून काढली, हेही तो स्वतःच नमूद करतो. इतकी प्रामाणिक कबुली दिल्यावर वाद उरू नये. परंतु ते सतरा अध्याय नेमके कोणते, याविषयी निरनिराळ्या प्रतींत अध्यायांचा क्रम वेगळा पडल्याने आजही अभ्यासकांत मतभेद आहेत. दृढबलाने संख्या सांगितली, पण प्रत्येक अध्यायावर खूण राहिली नाही, एवढ्यावरून हजार-दीड हजार वर्षांनी चर्चासत्रे भरतात. ज्याने आपले काम उघड सांगितले त्याची ही गत, तर ज्याने नावच खोडले त्याच्या मजकुराचे पुढे काय व्हायचे?

माधवकराचे उदाहरण आणखी बोलके आहे. 'रुग्विनिश्चया'तील मोठा भाग चरक, सुश्रुत आणि वाग्भट यांच्याच श्लोकांचा आहे. अनेक मुनींच्या वचनांतून आपण हा संग्रह करीत आहोत, असे तो आरंभीच सांगतो. मग त्याचे स्वतःचे काय? निदानाची सलग मांडणी त्याची. आमवातासारख्या व्याधीला मिळालेले स्वतंत्र प्रकरण त्याचे. वेचलेल्या फुलांचा हार असला तरी गुंफण माळ्याची असते, आणि निदानासाठी आज आपण हात घालतो तो माधवनिदानालाच.

येथे एखादा चोखंदळ वाचक वाग्भटाचा दाखला देईल. अष्टांगहृदयाच्या शेवटी वाग्भट विचारतो, ऋषिप्रणीत तेवढेच ग्राह्य मानायचे, तर चरक-सुश्रुतच का वाचता, भेलादिकांचे ग्रंथ का वाचत नाही? वातावर तेल, पित्तावर तूप आणि कफावर मध हे ब्रह्मदेवाने सांगितले काय किंवा आणखी कोणी सांगितले काय, द्रव्याचे कार्य वक्त्यावर अवलंबून नाही. यावरून नावाचे महत्त्व नाही असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण तो चुकीचा आहे. नव्या लेखकाला केवळ तो नवा म्हणून नाकारू नका, एवढेच वाग्भटाचे म्हणणे आहे. ते सांगतानाही तो पूर्वसूरींची नावे घेऊनच बोलतो. शिवाय चरकाने सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात आप्तोपदेश हे प्रमाण म्हणून मांडले आणि आप्ताची लक्षणे दिली. वक्ता कोण हेच ठाऊक नसेल, तर तो आप्त आहे की नाही हे तपासायचे कशावरून?

व्रतराजाचा खटला

आता कायद्याकडे वळू. त्यासाठी लंडन-न्यूयॉर्कला जाण्याचे कारण नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १८८९ साली एका संस्कृत ग्रंथावरून दिलेला निर्णय आपल्या प्रश्नाला थेट भिडतो. वादी होते गंगाविष्णू श्रीकृष्णदास, आणि प्रतिवादी मोरेश्वर बापूजी हेगिष्टे व इतर. वैद्यांना श्रीकृष्णदास हे नाव परके नाही. खेमराज श्रीकृष्णदासांच्या वेंकटेश्वर छापखान्याने काढलेले सटीक वैद्यकग्रंथ आपल्या मागच्या पिढ्यांनी जिल्द सुटेपर्यंत वापरले. गंगाविष्णू हे त्यांचे बंधू.

वादाचा विषय होता 'व्रतराज', व्रतवैकल्यांवरील एक प्रसिद्ध जुना ग्रंथ. १८८४ साली वादीने त्याची नवी आवृत्ती काढली. त्यासाठी पंडित नेमले. त्यांनी ग्रंथाची फेरमांडणी केली, त्याच विषयावरील अन्य संस्कृत ग्रंथांतील उतारे योग्य जागी घातले आणि तळटीपा लिहिल्या. पुढे प्रतिवादींनीही व्रतराज छापला. मूळ ग्रंथ कोणीही छापावा असाच होता, याविषयी उभयपक्षी वाद नव्हता. अडचण अशी झाली की प्रतिवादींच्या पुस्तकात तेच जादा उतारे, त्याच तळटीपा आणि त्याही त्याच जागी होत्या. फरक होते ते किरकोळ. त्यांचा बचाव असा, की वादीच्या पुस्तकात मुळात नवे काही नाही, सगळेच जुन्या ग्रंथांतले आहे, तेव्हा त्यावर हक्क कसला?

न्यायालयाने हा बचाव मानला नाही. जुन्या सामग्रीची नवी मांडणी ही स्वतंत्र कृती ठरू शकते, आणि तिला संरक्षण आहे, असे ठरले. निर्णयाचा गाभा मात्र पुढे आहे. प्रतिवादी स्वतंत्रपणे मूळ साधनांकडे गेलेच नव्हते, त्यांनी वादीचे पुस्तकच समोर ठेवले होते, म्हणून त्यांना मनाई झाली. याचा सरळ अर्थ असा, की त्यांनी स्वतःचे पंडित बसवून, स्वतः पोथ्या चाळून तोच व्रतराज काढला असता, तर त्यांना कोणी अडवू शकले नसते.

मला हा निर्णय कायद्यापेक्षाही अध्ययनविधीचा धडा वाटतो. मुळाकडे जा, म्हणजे तुम्ही मोकळे. दुसऱ्याच्या श्रमावर बसाल, तर अडकाल.

पुढे १९२४ साली मुंबईतूनच प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलेल्या मॅकमिलन विरुद्ध कूपर या खटल्यात हाच धागा अधिक स्पष्ट झाला. प्लुटार्कच्या जुन्या इंग्रजी अनुवादाची शालेय आवृत्ती मॅकमिलनने काढली होती, आणि मुंबईच्या कूपर मंडळींनी तिच्यासारखीच दुसरी. जुन्या मजकुरातील परिच्छेद गाळून केलेल्या संक्षेपावर मॅकमिलनला हक्क मिळाला नाही, संपादकाने लिहिलेल्या टिपांवर मात्र मिळाला. सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या प्रकरणात डिसेंबर २००७ मध्ये आणखी एक पाऊल टाकले. न्यायालयाचे निकालपत्र सर्वांचे आहे, ते कोणीही छापावे. ते नुसते शुद्ध करून, संदर्भ जुळवून छापल्याने मालकी येत नाही, कारण केवळ श्रम पुरेसे नाहीत, किमान निर्मितिशीलता हवी. संपादकाने विवेकबुद्धीने पाडलेले परिच्छेद व क्रमांक आणि स्वतः लिहिलेली सारटिपणी मात्र त्याचीच. निकालपत्राच्या जागी 'चरकसंहिता' हा शब्द ठेवून हे वाक्य पुन्हा वाचावे, म्हणजे आपल्या क्षेत्रातील निम्म्या शंका फिटतात.

ज्यांना न्यायालयाची भाषा रुक्ष वाटते त्यांच्यासाठी आमच्या मालवण मुलखातील दाखला देतो. दशावताराच्या आख्यानाला लेखी संहिता नसते. कथासूत्र पुराणातले, पात्रे ठरलेली, पण संवाद त्या रात्री, त्या नटाच्या तोंडून जन्माला येतात. द्रौपदीवस्त्रहरणाची कथा कोणाच्याही मालकीची नाही. गंगाराम गवाणकरांनी मात्र त्याच कथेच्या गावठी प्रयोगाची फजिती मालवणीत लिहिली, १९८० साली 'वस्त्रहरण' रंगभूमीवर आले, आणि ते शब्द गवाणकरांचे झाले. महाभारत गवाणकरांच्या नावावर चढले नाही आणि गवाणकरांचे नाटक व्यासांच्या नावावर खपवता येणार नाही. शेजारच्या कर्नाटकात यक्षगानावरून असाच वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. शिवराम कारंतांनी यक्षगानाला जे नवे नृत्यनाट्यरूप दिले, त्याचे हक्क त्यांनी मृत्युपत्राने एका व्यक्तीस दिले. मणिपालच्या एका शिक्षणसंस्थेने ते प्रयोग केले. २००९ च्या निर्णयात न्यायालयाने मृत्युपत्राने मिळालेला हक्क मान्य केला, पण कायद्यातील उचित वापराच्या सवलती त्या संस्थेलाही खुल्या आहेत हे स्पष्ट केले. पारंपरिक यक्षगान अर्थातच ज्याचे त्याच्यापाशी राहिले.

साठ वर्षांचा हिशेब

भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यातील कलम २२ नुसार लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे त्याच्या लेखनावर हक्क असतो. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथांच्या साहित्याची मुदत १९९१ अखेर संपू लागली, तेव्हा १९९२ मध्ये कायदा बदलून साठ वर्षे केली गेली.

हा हिशेब आपल्या कपाटातील पुस्तकांना लावून पाहावा. शंकर दाजी शास्त्री पदे १९०९ मध्ये निवर्तले. कोकणातल्या कित्येक घरांत पंचांगाशेजारी असणारा त्यांचा 'आर्यभिषक्' आज कोणीही छापू शकतो, आणि छापतातही. वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य १९५६ मध्ये गेले. निर्णयसागरच्या ज्या संहिता-आवृत्त्यांवर आपले सर्व अध्ययन उभे आहे, त्यांतील त्यांचे संपादकीय लेखन १ जानेवारी २०१७ पासून मुक्त झाले. आचार्य प्रियव्रत शर्मांचे निधन २००७ मधले. म्हणजे त्यांचा चरकाचा इंग्रजी अनुवाद २०६७ अखेरपर्यंत संरक्षित आहे. मूळ चरकाला हात लावण्यास कोणाची ना नाही, पण शर्माजींचे वाक्य हे शर्माजींचे आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय भारतीय वैद्यक वारसा संस्थेने चरक-सुश्रुतादी संहिता आणि निघंटू संगणकावर मोफत उपलब्ध करून दिले आहेत. मूळ श्लोकासाठी दुसऱ्याच्या अनुवादाची पाने छायांकित करण्याची गरज त्यामुळे फारशी उरलेली नाही.

शासकीय प्रकाशनांना प्रकाशनवर्षापासून साठ वर्षांची मुदत आहे. 'आयुर्वेदिक फॉर्म्युलरी ऑफ इंडिया'चा पहिला भाग १९७८ चा. त्यातील पाठानुसार औषध बनवण्यासाठीच तो ग्रंथ आहे, परंतु तो ग्रंथच स्वतःच्या नावाने छापून विकणे ही वेगळी गोष्ट.

मग संरक्षित ग्रंथातून काहीच घ्यायचे नाही काय? तसे नाही. अमेरिकेत ज्याला 'फेअर यूज' म्हणतात, त्याच्या जागी आपल्याकडे 'फेअर डीलिंग' आहे, आणि त्याची कारणे कलम ५२ मध्ये नेमकी दिलेली आहेत. संशोधनासह खासगी वापर, टीका व समीक्षण, चालू घटनांचे वार्तांकन ही प्रमुख कारणे. शिक्षकाने वा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात केलेल्या वापराला स्वतंत्र मुभा आहे. किती ओळी घ्याव्यात, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. कायद्यात ओळींचा आकडा नाही. कशासाठी घेतले, किती घेतले, आणि त्यामुळे मूळ पुस्तक घेण्याची गरज संपली काय, हे पाहिले जाते.

दिल्ली विद्यापीठाजवळील रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानाविरुद्ध ऑक्सफर्ड, केंब्रिज आदी प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा केला. अभ्यासक्रमातील निवडक प्रकरणांचे संच तेथे विद्यार्थ्यांना करून मिळत. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये प्रकाशकांविरुद्ध निर्णय दिला आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. आयुर्वेद महाविद्यालयातील अध्यापक व विद्यार्थी यांना हा मोठाच दिलासा. पण त्याचा आधार घेऊन कोणी संपूर्ण द्रव्यगुणाचा ग्रंथ तीन जिल्ह्यांतील वैद्यांच्या समूहावर टाकील, तर ते अध्यापन नव्हे. मराठीत आयुर्वेदावर गंभीर लिहिणारे थोडे, छापणारे त्याहून थोडे. पाचशे प्रतींच्या आवृत्तीत साठ-सत्तर प्रतींची विक्री बुडाली, की पुढचे पुस्तक निघत नाही, हे गणित प्रकाशकाशी दहा मिनिटे बोलणाऱ्यालाही समजते. आपल्याच समानधर्मी वैद्याचा ग्रंथ फुकटात वाटून आपण आयुर्वेदाचा प्रसार करतो, असे मानणे हा भ्रम आहे.

मसुऱ्यातील एक पत्रक

आता या विषयाचा जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, त्याकडे येतो. आमचे मसुरे हे गडनदीकाठचे, भरतगडाच्या पायथ्याचे गाव. पावसाळ्यात येथे ओलावा असा की भिंतीही घाम गाळतात, आणि आषाढ लागला की अग्निमांद्याच्या तक्रारींनी ओसरी भरते. काही वर्षांपूर्वी मी रुग्णांसाठी वर्षाऋतूतील आहारावर एक पानी पत्रक लिहिले. पेज, जुने तांदूळ, कुळथाचे कढण, आणि सुंठ-नागरमोथा घालून उकळलेले पाणी. पाण्याचे प्रमाण दिले होते: एक लिटर पाण्यास अर्धा चमचा सुंठ. खाली ठळक ओळ होती, की अम्लपित्त, रक्तार्श किंवा नाकातून रक्त येण्याची प्रवृत्ती असलेल्यांनी आणि गर्भिणींनी हे पाणी विचारल्याशिवाय घेऊ नये. आंगणेवाडीच्या जत्रेला आमच्या गावात लाखोंची गर्दी लोटते. त्या सुमारासही पुष्कळ प्रती गेल्या, आणि मला आनंदच झाला.

दोन पावसाळ्यांनंतर ते पत्रक चित्ररूपाने फोनवर परत आले. वाक्ये माझी, क्रमही माझा. नाव गेलेले, आणि त्या जागी एका औषधविक्रेत्याचा शिक्का. कोणाच्या तरी हातून एक लिटरचा एक पेला झाला होता आणि अर्ध्या चमच्याचे दोन चमचे. चित्र चौकोनात बसावे म्हणून की काय, खालची सावधगिरीची ओळ कापलेली होती. जुन्या अम्लपित्ताची एक गृहिणी पंधरा दिवस ते पाणी पिऊन छातीत आग आणि घशाशी रक्ताची चव घेऊन आली. कारण विचारता म्हणाली, "फोनार इलला, म्हणान घेतलंय."

कायद्याने पाहिले तर येथे दोन गोष्टी आहेत. सुंठ-मोथ्याच्या पाण्यावर माझा काडीचाही हक्क नाही. त्यावर दुसऱ्या कोणी स्वतःच्या शब्दांत शंभर पत्रके लिहावीत. हक्क आहे तो माझ्या वाक्यरचनेवर, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे कलम ५७ खालील लेखकाच्या विशेष अधिकारावर. कृतीचे कर्तृत्व सांगण्याचा, आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड रोखण्याचा हा अधिकार आहे. आर्थिक हक्क विकून टाकले तरी तो लेखकाकडेच राहतो. कथाकवितेत मोडतोड झाली तर लेखकाचा अपमान होतो. वैद्यकीय पत्रकात झाली तर रुग्णाच्या पोटात जाते. त्या विक्रेत्याने माझे नाव ठेवले असते, तर प्रमाणाविषयी शंका आलेल्या एखाद्या शहाण्या माणसाने मला विचारले तरी असते. नाव ही केवळ लेखकाची हौस नाही. चूक झाल्यास ती कोठे तपासायची, याचा तो पत्ता आहे.

जुन्या चालीवर नवा शब्द चढवणे, दोन ध्वनिफितींची मिसळ करणे याला गायनात मजा आहे, आणि तेथेही रीतसर मार्ग आहेत. अजय-अतुल यांनी 'जत्रा'मधील स्वतःचेच 'कोंबडी पळाली' २०१२ च्या 'अग्निपथ'मध्ये 'चिकनी चमेली' म्हणून नव्या रूपात आणले, ते सर्वांनी आनंदाने ऐकले. ठेका बदलल्याने ऐकणाऱ्याचे बिघडत नाही. मात्रा बदलल्याने घेणाऱ्याचे बिघडते. म्हणून आपल्या मजकुरात बदल करणाऱ्याने आपण काय बदलले ते लिहिलेच पाहिजे, मग मूळ मजकूर कायद्याने मुक्त असो वा नसो.

यात आता संगणकीय बुद्धिमत्तेची भर पडली आहे. प्रश्न टाकला की यंत्र दहा ग्रंथांची मिसळ करून सफाईदार मराठीत उत्तर देते, आणि कोणते वाक्य कोठून आले ते बहुधा सांगत नाही. बातम्यांच्या वापरावरून एएनआय या वृत्तसंस्थेने ओपनएआयविरुद्ध नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला. कायदा काय म्हणायचे ते म्हणेल. वैद्याने मात्र अशा उत्तरातील योग, मूळ ग्रंथातील स्थान-अध्याय उघडून पाहिल्यावाचून, रुग्णाला देऊ नये. चक्रपाणीला ज्याची भीती होती तेच येथे यंत्रवेगाने घडते: कोणाचे काय, हे कळेनासे होते.

फार्मसी-चालकांसाठी

औषधनिर्मात्यांच्या मनात पेटंट, ट्रेडमार्क आणि कॉपीराइट यांची नेहमी गल्लत होते. हळदीच्या व्रणरोपण गुणावर अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेलेले पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने १९९७ मध्ये रद्द करविले, ही कथा सर्वांना पाठ आहे. ते प्रकरण पेटंटचे. भारतीय पेटंट कायद्यात कलम ३ (पी) नुसार पारंपरिक ज्ञानावर पेटंट मिळतच नाही. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला मिळालेले भौगोलिक मानांकन हे तिसरेच. योगाच्या पाठावर, म्हणजे घटक आणि प्रमाण यांच्या यादीवर, कॉपीराइट नसतो. सितोपलादी कोणीही बनवावे.

कॉपीराइट येतो तो वेष्टनावर. लेबलावरील चित्ररचना ही कलाकृती मानली जाते. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये संजय सोया या कंपनीच्या खाद्यतेलाच्या वेष्टनाबाबत स्पष्ट केले, की दावा लावण्यासाठी कॉपीराइटची नोंदणी झालेली असणे बंधनकारक नाही. कृती निर्माण झाली की हक्क जन्मास येतो. 'त्यांची नोंदणी नाही, मग काय हरकत आहे' असे सांगणाऱ्या छापखानेवाल्याच्या नादी लागू नये. व्यापारी हेतूने जाणूनबुजून केलेल्या भंगाला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे.

वेष्टनावरील वनस्पतीचे छायाचित्र हा सर्वाधिक दुर्लक्षित भाग. संगणकावर शोधले, मिळाले, छापले, असा प्रकार सर्रास चालतो. छायाचित्रालाही छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे संरक्षण आहे. पण माझा मुख्य आक्षेप निराळा आहे. उचललेले छायाचित्र नेमके कोणत्या वनस्पतीचे, याची खात्री कोण देणार? नागकेशराचेच पाहा. मालवण-वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात सुरंगीच्या वाळलेल्या कळ्या तांबडे नागकेशर म्हणून बाजारात जातात. नागचाफ्याचे खरे नागकेशर वेगळे. नागकेशर या शब्दाखाली दोन्हींची चित्रे सापडतात, आणि निवडतो तो वेष्टन जुळवणारा मुलगा. त्यापेक्षा आपल्या वापरातील झाडापाशी आपणच जावे, फूल आणि कळी जवळून टिपावी, तारीख व गाव लिहून ठेवावे. कुडा, सातवीण, उंडी, कोकम यांसाठी आम्हा कोकणवासीयांना परसदाराबाहेर जावे लागत नाही. चित्र आपले होते आणि द्रव्याची ओळखही पक्की राहते.

ज्यांना आपले लेखन इतरांनी मोकळेपणाने वापरावे असे वाटते, त्यांच्यासाठी 'क्रिएटिव्ह कॉमन्स' नावाचे तयार परवाने २००२ पासून उपलब्ध आहेत. नाव ठेवा आणि वापरा, किंवा नाव ठेवा पण मजकूर बदलू नका, असे त्यांचे प्रकार आहेत. वैद्यकीय पत्रकाला दुसरा प्रकार अधिक योग्य, असे माझे मत आहे. मी माझ्या पत्रकांच्या तळाशी आता तीन गोष्टी छापतो: लेखकाचे नाव व गाव, योगाचा मूळ ग्रंथ आणि अध्याय, आणि 'नाव व सावधगिरीच्या ओळींसह जशाच्या तशा प्रती काढण्यास परवानगी आहे' ही ओळ. सावधगिरीची ओळ मी आता तळाशी ठेवत नाही. ती मात्रेच्या वाक्यातच गुंफतो, म्हणजे चित्र कापणाऱ्याला मात्रा ठेवून ती काढता येत नाही.